सत्तावीस देश, अकरा गावं आणि एक डोंगा

माझ्या बायकोनं, सुगंधानं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाजारातून सूप आणलं. नागभीडच्या आठवडी बाजारात ती एकेक सूप उचलायची, कानाशी धरून बोटानं वाजवायची आणि खाली ठेवायची. चार दुकानं फिरून झाल्यावर पहिल्याच दुकानातलं पहिलंच सूप घेतलं. मी म्हटलं, "हेच घ्याचं होतं तर मले उन्हात काऊन फिरवलं?" ती म्हणाली, "बाकीचे खराब आहेत हे फिरल्याबिगर कसं समजलं असतं?" मग ते सूप डोक्यावर उपडं घालून मी पुढं आणि ती मागून हसत, असे घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या ती गेली. काही बोलली नाही, त्रास नाही. डॉक्टर म्हणाला, चांगलं मरण आलं. मी त्याला म्हटलं, तुमच्या घरी येऊ द्या असं चांगलं. पोरांनी मला धरून बाहेर आणलं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चाळीस वर्षं आरामशीनवर सागाच्या फळ्या पाडल्या. प्रवासवर्णन वगैरे मी कधी वाचलं नाही. पण एटापल्लीकडून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, भाऊ, तिकडे काय झालं, तुम्ही म्हणे सगळ्या संघाचं बजेट खाल्लं? हजार वेळा सांगण्यापेक्षा एकदा लिहिलेलं बरं.

निघण्याचं कारण

पुण्यानुमोदन, म्हणजे मरणानंतरचा आमचा विधी, झाल्यावर पंधरा दिवसांनी सुगंधाच्या नावानं पत्र आलं. ती एटापल्ली तालुक्यात नदीकाठच्या एका गावात, उपकेंद्रात परिचर होती. नर्सबाईच्या हाताखाली. नर्सबाया बदलत राहिल्या, ही तिथंच राहिली. मी नागभीडला, ती तिकडे, सुट्टीला भेट. तिकडच्या अकरा गावांनी मिळून एक संघ केला आहे. जंगलाचा हक्क गावांना मिळाला तेव्हापासून बांबू आणि तेंदूपत्ता एकत्र विकतात, आणि वर्षातून एकदा, मोहफुलं पडायच्या दिवसांत, बसून ठरवतात की आलेला पैसा कुठं घालायचा. रिटायर झाल्यावरही सुगंधा दरवर्षी त्या बैठकीला जायची. तिची एकच मागणी होती. डोंगा.

तिकडे नदीत डोंगे आहेत, पण ते एका खोडातून कोरलेले, अरुंद. त्यात माणूस उकिडवा बसतो. सुगंधाला पाहिजे होता फळ्यांचा, रुंद, सपाट बुडाचा. पावसाळ्यात तीन गावांना नदी अडवते, आणि बाळंतपणात अडलेली बाई उकिडवी बसून नदी पार करू शकत नाही. एकीनं अलीकडच्या काठावर, सुगंधाच्या मांडीवर जीव सोडला होता. तसला डोंगा दुरून विकत आणावा लागतो. दरवर्षी संघ म्हणायचा, पुढच्या वर्षी.

पत्रात लिहिलं होतं, 'सुगंधाबाईंनी अवश्य यावे, डोंग्याचा विषय या वेळी घेऊ.' ती गेल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. मी पोराला म्हटलं, मी जातो. तो म्हणाला, "बाबा, तुमी तिथी जाऊन भांडान." मी म्हटलं, "थ्याच्यासाठीच चाललो."

गडचिरोली, चामोर्शी, आष्टी

गाडी चालवायला प्रज्ञा होती, सुगंधाच्या बहिणीची पोरगी. ती युरोपात शिकते. काय शिकते ते मला या प्रवासात समजलं. तिकडच्या सत्तावीस देशांनी एक संघ केला आहे, आणि त्या संघाचं वर्षाचं बजेट कसं ठरतं आणि कसं खर्च होतं, यावर ती चार वर्षांपासून अभ्यास करून राहिली.

"एका कागदावर चार वर्षं?" मी म्हटलं. "थो कागद पाठ नाई होऊन राह्यला का तुले?"

"मावसाजी, दरवर्षी नवीन असतो."

"मंग तर तू मरेपर्यंत पास नाई होत."

गडचिरोली सोडली आणि चामोर्शीच्या पुढं लोहखनिजाचे ट्रक लागले. सूरजागडचा डोंगर थोडा थोडा करून रस्त्यानं चालला होता. झाडं लाल, म्हशी लाल, शाळेची पोरं लाल. प्रज्ञानं काचा लावून एसी सुरू केला. मी तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोळवत होतो. काच लावलेली आहे हे मला थुंकल्यावर समजलं. त्यानंतर वीस मिनिटं मी सदऱ्याच्या बाहीनं काच पुसत निसर्ग पाहिला.

आष्टीला गरम भजे आणि तळलेली मिरची खाल्ली तेव्हा तिचा राग उतरला. मी विचारलं, सत्तावीस जणांचं पटते तरी कसं?

"पटतच नाही," ती म्हणाली. "आधी सात वर्षांची हद्द ठरवतात, यापेक्षा जास्त खर्च नाही म्हणून. तिथे एकजण जरी नाही म्हणाला तरी सगळं अडतं. मग दरवर्षी त्या हद्दीच्या आत एक ऑफिस कागद लिहितं. तो कागद दोन सभांपुढे जातो. एकीत सरकारं बसतात, दुसरीत लोकांनी निवडून दिलेले. सरकारं कापतात, निवडून आलेले वाढवतात."

"अन् मंग?"

"मग दोघांची माणसं एका खोलीत. एकवीस दिवसांत जमवायचं."

"नाई जमलं तर?"

"नवीन कागद लिहायचा. तोवर वर्ष उजाडलं तर दर महिन्याला गेल्या वर्षीच्या खर्चाचा बारावा हिस्सा वापरायचा."

"म्हंजे उपाशी नाई राह्यत. शिळं खाते."

ती इतकी हसली की भजं खाली पडलं. म्हणाली, चार वर्षांत मला हे कोणी इतकं सोपं सांगितलं नाही.

कमाईप्रमाणे वर्गणी, श्रीमंतांची जास्त. आणि त्यातल्याच काही श्रीमंतांनी कुरकुर करून सूट मिळवलेली. हे ऐकून मला तो संघ एकदम ओळखीचा वाटायला लागला. पैसा बहुतेक शेतकऱ्यांना आणि मागं पडलेल्या भागांना जातो. आणि निवडून आलेल्यांची सभा म्हणे दोन शहरांत भरते, महिन्याला चार दिवस पेट्या ट्रकात भरून सगळे दुसऱ्या शहरी.

"काऊन?"

"दोन्ही शहरांना मान पाहिजे."

"दोन पोराइच्या घरी बारीनं राह्यल्यासारखं."

आमच्या घरी असल्या दोन सभा नव्हत्या. सुगंधा लिहायची, सुगंधा मंजूर करायची, मी कापायचो. ते मी प्रज्ञाला सांगितलं नाही.

नदीकाठचं गाव

आलापल्लीच्या पुढं जंगल दाट झालं आणि फोन मेला. गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. संघाची अध्यक्ष मासेबाई, माडिया, माझ्याच वयाची, कपाळावर हिरवं गोंदण. तिनं जोहार केला आणि माझ्या मागं गाडीत पाहिलं. कोणाला शोधते ते मला समजलं. सांगितलं. ती अंगणातल्या मातीवर हात टेकून खाली बसली. मग उठून मला पाणी दिलं आणि म्हणाली, "चाला, नदी दाखवतो." तिकडे बायाही 'दाखवतो' म्हणतात.

नदी पाहून मी गार झालो. घोट्याएवढं पाणी. पोरं त्यात चप्पल हातात घेऊन चालत होती. "यात डोंगा?" मी म्हटलं. "यात म्हैस बसली तर तिचं पोट ओलं नाई होत." मासेबाईनं मला काठावरच्या एका अर्जुनाच्या झाडाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. माझ्या डोक्याच्या हातभर वर खोडाला वाळलेलं गवत आणि एक फाटकी साडी गुंडाळलेली होती. "गेल्या पावसाची," ती म्हणाली. "पाणी ठेवून गेलं."

रात्रीच्या जेवणाला भात, कोळसण्याच्या शेंगांची भाजी आणि लाल मुंग्यांची चटणी. आमच्याकडे मुंग्या साखरेतून वेचून टाकतात, इथं मीठ लावून वाटतात. आंबट लागते. मी दोनदा घेतली. प्रज्ञानं फोटो घेतले.

सभा

सकाळी बाया मोहफुलं वेचून आल्या आणि गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घराच्या, अंगणात सभा बसली. माडिया, गोंड, तेलुगू बोलणारे, बंगाली निर्वासितांच्या कॅम्पचे लोक आणि एक आमची बौद्धांची वस्ती. कोणी काही बोललं की ते चार भाषांत फिरायचं. एखादा विनोद झाला की हसूही चार हप्त्यांत यायचं. शेवटचे हसायचे तोवर पहिले पुढच्या विषयावर रागावलेले असायचे. प्रज्ञा म्हणाली, तिकडे चोवीस भाषा आहेत. मी म्हटलं, मग तिकडचा विनोद संपतो कधी?

या संघाचा एक नियम आहे, तो समजून घ्या, कारण सगळं रामायण त्याच्यावर झालं. पूर्वी लोक जेवून निघून जायचे आणि मागं राहिलेले लोक खर्चाचा कागद बदलायचे. म्हणून ठरलं की मटणभाताच्या हंड्यांवर झाकण आहे तोवर कागद उघडा. अकराही गावं हो म्हणाली की मासेबाई पहिला घास खाणार. घास गिळला की कागद बंद. त्यानंतर वर्षभर त्यातलं एक अक्षर बदलायचं नाही. मासेबाईनं सकाळी मला हे नीट सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

मासेबाईनं आधी प्रज्ञाला बोलायला लावलं. तिनं सत्तावीस देशांचं सांगितलं. शिळं खाण्याचा विनोद माझा होता, तो तिनं स्वतःच्या नावावर खपवला. मग सचिव कागद वाचायला लागला. वणवा अडवायची जाळरेषा, राखणदार, बियाणं, औषधाची पेटी, सगळं भराभर मंजूर. मग डोंगा.

डोंगरावरच्या गावाचा कोमटीभाऊ उठला. काडीसारखा माणूस, आवाज मात्र ढोलासारखा. "आमच्या गावाजवळ नदी नाई. आमी काऊन डोंगा घ्याचा?"

प्रज्ञा म्हणाली, "भाऊ, तिकडे काही देशांना समुद्रच नाही. तरी त्यांच्या वर्गणीतून कोळ्यांना मदत जाते."

"त्याइले मासे भेटते का?"

"भेटतात. विकत."

"मंग?" कोमटीभाऊ म्हणाला, आणि हसू चार हप्त्यांत आलं. त्याला गोदामाचं छत पाहिजे होतं. पाच गावांचं मोहफूल त्या गोदामात ठेवतात, वरून पाणी गळतं, माल काळा पडतो, व्यापारी मातीच्या भावानं नेतो. म्हणणं खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

मी उठलो. म्हटलं, "मी सुगंधाबाईचा नवरा." तर सगळी सभा उभी राहिली. मला वाटलं जेवायला उठले. मग समजलं. काय बोलायचं होतं ते सगळं विसरलो आणि खाली बसलो. मग तेही बसले.

कोमटीभाऊ तेवढा उभाच राहिला. हळू आवाजात म्हणाला, "बाई तीनदा डोंगर चढून आली. माह्या सुनेचं बाळंतपण तिनंच केलं. तिच्यासाठी उभा राह्यलो, भाऊ. पण डोंग्यासाठी नाई. थे वेगळं आहे."

"तुह्या सुनेले नदी आडवी आली असती मंजे समजलं असतं तुले," मी बसल्या बसल्या म्हटलं.

"अन् तुह्या धानावर छत्त नसतं मंजे तुले!"

मासेबाईनं दोघांनाही गप्प केलं. जमा आहे तेवढाच खर्च, उधारी नाही, आणि उरलेल्या पैशांत दोनपैकी एकच काम बसत होतं. डोंगा तीन गावांचा, छत पाच गावांचं. ती माझ्याकडे न पाहता सचिवाला म्हणाली, "डोंग्याची ओळ काट. कोमटी, टिना किती लागते सांग, मंग लिहू." सचिवानं ओळ कापली. कोमटीभाऊ आणि त्याची माणसं टिना, म्हणजे पत्रे, किती लागतील ते मोजत बसली. एक म्हणे चाळीस, एक म्हणे पन्नास.

मी तिथून उठलो आणि चुलीकडे गेलो. आचारी हरिपददादा, बंगाली कॅम्पातला, हंड्यांशी बसला होता. मला पाहून त्यानं पळसाच्या पानावर काळजाचा एक तुकडा ठेवला. "दादा, बाई दरसाल नून बघत. वास घ्या, बोला, ठीक?"

मी वास घेतला. वासावरून मीठ बकरीला समजत असेल, मला नाही समजत. आणि झाकण तर हंड्यावर होतंच, हा तुकडा वेगळा पानावर होता. मी तोंडात टाकला. चांगला शिजला होता.

हरिपददादाच्या हातातला झारा पडला. "खाऊन फेलला!"

पुढच्या दोन मिनिटांत काय झालं ते चार भाषांत झालं, मला एकच समजली. कोणी म्हणालं, थुंका. मासेबाईनं विचारलं, "गिळलं?" मी म्हटलं, "गिळलं." कोणी म्हणालं, पाव्हण्याचा घास मोजत नाहीत. दुसरा म्हणाला, नियमात पाव्हणा लिहिलेला नाही, घास लिहिला आहे. सचिवानं कागद वर धरून वाचला. डोंग्याची ओळ कापलेली. छताची ओळ लिहिलेलीच नाही. दोन्ही नाहीत, आणि पैसा तसाच शिल्लक.

"माहं छत्त खाल्लं यानं!" कोमटीभाऊ गरजला.

"तिकडे शिल्लक पैसा देशांच्या पुढच्या वर्गणीत वळता करतात," प्रज्ञा म्हणाली. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली.

मी चुलीजवळच बसलो. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोनं एकच गोष्ट मागितली, तीही माझ्याकडे नाही, दुसऱ्यांकडे. ती मिळवायला आलो आणि मीच खाऊन बसलो.

मासेबाई माझ्यासमोर येऊन बसली. "भाऊ, तुमी काय काम करत होते?"

"आरामशीनवर. फळ्या पाडत होतो. मशीन यायच्या आधी हातकरवतीनं."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "बाईनं कधी सांगतलं नाई."

"तिनं मले कधी म्हटलं नाई," मी म्हटलं. आणि हे खोटं होतं. मग दुसऱ्या दमात खरं सांगितलं, सगळ्यांसमोर, कारण आता लपवून काय उपयोग. "एकदा म्हटलं होतं. तुमी येऊन फळ्या पाडून द्याल का म्हणून. मी म्हटलं, फुकटात जंगलात येऊन मरू का? त्याच्यानंतर तिनं नाई विचारलं."

हे चार भाषांत फिरलं नाही. कोणीच फिरवलं नाही, तरी सगळ्यांना समजलं.

"कागद बंद झाला," मासेबाई म्हणाली. "हात बंद नाई झाले. गेल्या पावसात पडलेला साग हाय आमच्या हद्दीत, मोठा. लाकूड कागदात नाई. नियम तुमी मोडला, दंड तुमी भरा. फळ्या पाडा."

"डोंग्याच्या?"

"डोंग्याच्या. अन् गोदामाच्या छत्ताच्या."

"पह्यले छत्त," कोमटीभाऊ म्हणाला.

"पह्यले डोंगा," मी म्हटलं. "खिळे माह्याकडून."

"मले याच्यावर भरवसा नाई. करवतीचा दुसरा कोना मीच धरतो."

प्रज्ञा म्हणाली, यासाठी आता दोघांना एका खोलीत एकवीस दिवस बसवावं लागेल. मासेबाई म्हणाली, "एकवीस दिवस? भात थंडा होऊन राह्यला." आणि तिनं झाकण काढलं. मीठ बरोबर होतं, हे मी सगळ्यांच्या आधी सांगू शकत होतो, पण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

प्रज्ञा गाडी घेऊन परत गेली. पोराला सांग म्हटलं, भांडण झालं, आता मुक्काम आहे.

उजाडल्यावर कोमटीभाऊ मला सागाशी घेऊन गेला. खोड सरळ होतं, दोघांच्या कवेत न येणारं. मासेबाई आणि नदीकाठच्या दहाबारा बाया आधीच येऊन बसल्या होत्या. मी साल काढली, खुणेसाठी दोरी काढली आणि मग अडलो. आरामशीनवर माप दुसऱ्याकडून लिहून यायचं. मी आयुष्यभर लाकूड कापलं, तरंगवलं कधीच नव्हतं.

"डोंगा लंबा किती पाह्यजे?" कोमटीभाऊनंच विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. सुगंधानं दरवर्षी मागणी लिहिली होती, माप लिहिलं नव्हतं. मी चपला काढल्या, खोडावर चढलो आणि आडवा झालो. पाय सरळ केले. वर दुसऱ्या सागांच्या उघड्या फांद्या होत्या. खाली बाया हसायला लागल्या, एक हप्ता, दोन हप्ते. मी म्हटलं, "हसाचं काम नाई. कोमटी, तू वर ये. माह्या डोक्याशी बस. मांडी घालून."

"मी काऊन?"

"एक बाई आडवी झोपली पाह्यजे," मी म्हटलं, "अन् तिच्या डोक्याशी एक बसली पाह्यजे."

हसू थांबलं. कोमटीभाऊ वर चढला. माझ्या डोक्याशी मांडी घालून बसला, थोडा सरकला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्यानं माझं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. त्याच्या धोतराला मोहाचा वास होता.

"असं?" त्यानं विचारलं.

"असंच," मी म्हटलं. "आता तुह्या पाठीमागं कुऱ्हाडीनं खूण कर."